आल्यानं चरबीच्या पेशी खरंच थांबतात का? बशीतलं, उंदरातलं आणि माणसातलं आलं

प्रश्न असा आला आहे: “माझं वय ४१, वजन ८४ किलो, उंची पाच फूट पाच इंच. आल्यातलं जिंजेरॉल चरबीच्या पेशी तयारच होऊ देत नाही, असं संशोधनानं सिद्ध झालंय म्हणतात. मग रोज सकाळी रिकाम्या पोटी आल्याचा रस घ्यावा, सुंठ घ्यावी, की जिंजेरॉलच्या कॅप्सूल? किती आणि किती दिवस?”

उत्तर आधी सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना इथेच थांबता येईल. जेवणाखाण्यात आलं आणि सुंठ हवी तेवढी वापरा. वजन उतरवायचं म्हणून कॅप्सूलवर पैसे घालवू नका. आणि ‘चरबीच्या पेशी तयारच होऊ देत नाही’ हे वाक्य प्रयोगशाळेतल्या बशीपुरतं खरं आहे. तिथून तुमच्या पोटावरच्या घडीपर्यंतचा रस्ता फार लांबचा आहे आणि त्या रस्त्यात बरंच काही गळून जातं. मी आज मधुमेह आणि लठ्ठपणाचे पेशंट बघतो, पण त्याआधी काही वर्षं औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत हेच पेशी वाढवायचं काम केलं आहे, म्हणून हा रस्ता जरा सविस्तर सांगतो.

आधी आल्यात काय असतं ते बघू. ओल्या आल्यात जवळपास ऐंशी टक्के पाणीच असतं. उरलेल्यात स्टार्च, धागे, वास देणारं उडनशील तेल आणि तिखटपणा देणारा राळेसारखा भाग. आपल्याला हवी ती मंडळी या तिखट भागात आहेत. ताज्या आल्यात मुख्य ६-जिंजेरॉल, त्याच्याबरोबर ८ आणि १० नंबरची त्याची भावंडं. आलं वाळवलं की जिंजेरॉलमधला पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि शोगाओल तयार होतं. सुंठ आल्यापेक्षा घशाला जास्त चरचरते ती याच्यामुळे. शोगाओल जिंजेरॉलच्या दुपटीहून अधिक तिखट असतं. आलं शिजवलं की काही जिंजेरॉलचं झिंजेरोन होतं, त्याचा तिखटपणा सौम्य आणि वास गोडसर. शिवाय थोडंसं पॅराडॉल असतं. थोडक्यात, चहात ठेचलेलं सातारी आलं, सुंठवड्यातली सुंठ आणि आलेपाकात शिजलेलं आलं ही रसायनाच्या दृष्टीनं तीन वेगवेगळी द्रव्यं आहेत. ‘आल्याचा अभ्यास’ असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, कुठलं आलं?

आता बशी. चरबीच्या पेशींवरचं बहुतेक संशोधन ३टी३-एल१ नावाच्या पेशींवर झालेलं असतं. या पेशी मूळच्या उंदराच्या गर्भातल्या, अमेरिकेत हॉवर्ड ग्रीन आणि सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात वेगळ्या काढलेल्या. त्यांची गंमत अशी की नुसत्या वाढवल्या तर त्या लांबट, चपट्या, साध्या दिसतात. बशी पूर्ण भरू द्यायची, आणखी दोन दिवस थांबायचं, मग इन्सुलिन, डेक्सामेथासोन आणि आयबीएमएक्स नावाचं एक रसायन यांचं मिश्रण घालायचं. दोन दिवसांनी ते काढून पुढे फक्त इन्सुलिन. पाचव्या-सहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी गोल व्हायला लागलेल्या दिसतात आणि त्यांच्यात चकाकते बारीक थेंब येतात. आठव्या-दहाव्या दिवशी थेंबांनी पेशी गच्च भरतात. मग त्या फॉर्मेलिननं पक्क्या करायच्या, ऑइल रेड ओ हा रंग घालायचा आणि धुवायचं. चरबीचे थेंब कुंकवासारखे लाल उठून दिसतात. मोजायचं कसं? तोच रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं परत विरघळवून काढायचा आणि त्यातून ५१० नॅनोमीटरचा प्रकाश किती अडतो ते यंत्रावर बघायचं. जितकं लाल, तितकी चरबी.

याच बश्यांमध्ये सुरुवातीपासून ६-जिंजेरॉल घातलं तर लाल रंग कमी येतो, आणि मात्रा वाढवली तर आणखी कमी येतो. हे तैवानसह अनेक ठिकाणच्या प्रयोगशाळांमध्ये दिसलं आहे आणि त्यात मला शंका नाही. आतली यंत्रणाही बऱ्यापैकी उलगडली आहे. साध्या पेशीची चरबीची पेशी व्हायला दोन मुख्य कळा दाबल्या जाव्या लागतात, पीपीएआर-गॅमा आणि सी/ईबीपी-आल्फा ही प्रथिनं. ती जागी झाली की पुढची फॅटी आम्ल बनवणारी आणि साठवणारी सगळी साखळी सुरू होते. जिंजेरॉलमुळे इन्सुलिनचा निरोप पुढे नेणारी एक साखळी, तिचं नाव अ‍ॅक्ट, ती मंदावते आणि या दोन्ही कळा नीट दाबल्या जात नाहीत. काही प्रयोगांत एएमपीके नावाचं, पेशीतलं इंधन संपत आल्याची खबर देणारं प्रथिनही जागं झालेलं दिसलं.

पण इथे एक गोष्ट बशीवर काम केलेल्या माणसालाच आधी सुचते. लाल रंग कमी आला याचा अर्थ पेशींनी चरबी साठवली नाही, असा होऊ शकतो. किंवा पेशी मेल्या किंवा आजारी पडल्या, असाही होऊ शकतो. शोगाओल विशेषतः जास्त मात्रेत पेशींना मारतं, त्यामुळे कर्करोगावरच्या संशोधनातही त्याचं नाव येतं. म्हणून लाल रंगाच्या तक्त्याशेजारी ‘पेशी जिवंत किती’ हा तक्ता आहे का, हे आधी बघायचं. नसेल तर तो पेपर मी बाजूला ठेवतो. चांगल्या पेपरांमध्ये तो असतो, आणि तरीही जिंजेरॉलचा परिणाम उरतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

खरी अडचण पुढे आहे, ती मात्रेची. बशीत परिणाम दिसतो तो साधारण मिलिलिटरला पाच ते पंधरा मायक्रोग्रॅम जिंजेरॉल असताना. माणसाच्या रक्तात किती जातं? अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या गटानं २००८ मध्ये २७ निरोगी माणसांना शंभर मिलिग्रॅमपासून दोन ग्रॅमपर्यंत आल्याचा अर्क देऊन रक्त तपासलं. मोकळं जिंजेरॉल किंवा शोगाओल सापडलंच नाही. जे सापडलं ते यकृतानं आणि आतड्यानं ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेटचं शेपूट जोडलेलं, म्हणजे बाहेर टाकायच्या तयारीतलं. पुढे २०११ मध्ये जास्त बारीक मोजणाऱ्या पद्धतीनं बघितलं तेव्हा तासाभरानं थोडं मोकळं ६-शोगाओल आणि १०-जिंजेरॉल दिसलं, मिलिलिटरला दहा-चौदा नॅनोग्रॅमच्या आसपास. ज्या ६-जिंजेरॉलचा एवढा बोलबाला, ते मोकळ्या रूपात तेव्हाही मिळालं नाही. जे मिळालं तेही तीनेक तासांत निम्म्याहून कमी होतं.

नॅनो आणि मायक्रो यांत हजाराचा फरक आहे. बशीतल्या पेशी आठ दिवस जिंजेरॉलमध्ये बुडून असतात. तुमच्या पोटावरच्या पेशीला त्याच्या हजाराव्या भागाइतकं, तेही नातेवाइकाचं, एखाद-दोन तास भेटतं. ‘संशोधनानं सिद्ध झालंय’ म्हणणाऱ्या व्हिडिओत हा हजाराचा आकडा कधीच येत नाही.

यावर आपल्याकडचे जाणकार लगेच त्रिकटू काढतात: सुंठीबरोबर मिरी-पिंपळी असते, मिरीतलं पायपरीन शेपूट जोडायचं काम अडवतं, मग जिंजेरॉल रक्तात टिकेल. मुद्दा बिनबुडाचा नाही. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या १९९८ च्या प्रयोगात हळदीतल्या कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर माणसांच्या रक्तातलं कर्क्युमिन वीसपट वाढलं होतं. पण कर्क्युमिनची मूळ पातळीच इतकी नगण्य, की वीसपट होऊनही ती तुटपुंजीच राहिली. आणि यकृताचं जे काम पायपरीन अडवतं, त्याच वाटेनं तुमची इतर औषधंही बाहेर पडत असतात. फिटची, रक्त पातळ ठेवायची किंवा प्रत्यारोपणानंतरची औषधं घेणाऱ्यानं असल्या प्रयोगात पडू नये.

आता समजा, हजाराचा प्रश्न सुटला. एखादी कंपनी जिंजेरॉल थेट मेदपेशीपर्यंत पोचवायला लागली. मग नव्या चरबीच्या पेशी होऊ न देणं चांगलं का? इथे बहुतेक लोक चुकतात, डॉक्टरसुद्धा.

मोठ्या माणसात चरबीच्या पेशींची संख्या फारशी बदलत नाही. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या गटानं २००८ मध्ये हे दाखवलं, आणि त्यांची युक्ती मला आजही आवडते: १९६३ च्या आधी उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला आणि मग हळूहळू उतरत गेला, त्यामुळे पेशीच्या डीएनएत किती कार्बन-१४ आहे यावरून ती पेशी कुठल्या साली जन्मली ते कळतं. त्यातून दिसलं की बारीक असो की लठ्ठ, दरवर्षी साधारण दहा टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. पोटाची शस्त्रक्रिया करून वजन पुष्कळ उतरलेल्यांच्यातही पेशींची संख्या तीच राहिली होती, फक्त प्रत्येक पेशी लहान झाली होती. म्हणजे पन्नाशीला आलेल्या माणसाचं वजन वाढतं ते मुख्यतः आहेत त्या पेशी फुगल्यामुळे. ‘नव्या पेशी थांबवल्या’ तरी जुन्या फुगायच्या थांबत नाहीत.

उलट नव्या पेशी मिळाल्या नाहीत तर काय होतं? धान्य तर रोज येतंय आणि कणगी मात्र वाढवायची नाही, असं ठरवलं तर ते घरभर सांडणारच. शरीरात ते सांडतं यकृतात, स्नायूत, स्वादुपिंडात. जन्मतःच चरबीच्या पेशी नसलेली, लिपोडिस्ट्रॉफीची माणसं दिसायला सडपातळ असतात आणि त्यांना अतिशय जोरकस मधुमेह, फॅटी लिव्हर आणि आकाशाला भिडलेले ट्रायग्लिसराइड असतात. आणि मधुमेहाचं एक जुनं औषध, पायोग्लिटाझोन, नेमकं उलटं करतं: पीपीएआर-गॅमा जागं करून त्वचेखाली नव्या मेदपेशी तयार करतं. वजन दोन-चार किलो वाढतं, पण साखर उतरते आणि यकृतातली चरबी कमी होते. जी कळ जिंजेरॉल दाबली जाऊ देत नाही असं कौतुकानं सांगितलं जातं, तीच कळ दाबण्यासाठी आम्ही पेशंटला गोळी लिहून देतो!

आपल्या लोकांसाठी हा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला बारीक आणि आतून चरबी, हा भारतीय देह. आपल्याकडे त्वचेखालची कोठारं लवकर भरतात आणि चरबी पोटात, अवयवांभोवती जाऊन बसते. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआय २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबर पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या आत सांगतात. असल्या देहात त्वचेखालच्या पेशींची निर्मिती बंद पाडणं हे मला तरी उद्दिष्ट म्हणून पटत नाही.

गंमत म्हणजे आलंही या बाबतीत एका बाजूला नाही. जपानमधल्या २००८ च्या एका अभ्यासात त्याच ३टी३-एल१ पेशींवर ६-शोगाओल पीपीएआर-गॅमाला चक्क चालना देताना दिसलं. फुगलेल्या चरबीच्या पेशींभोवती सूज येते, टीएनएफ-आल्फा हे सुजेचा निरोप नेणारं प्रथिन वाढतं आणि त्यामुळे पेशी अ‍ॅडिपोनेक्टिन हे उपयोगी संप्रेरक सोडायचं कमी करतात. या घसरणीला शोगाओल आणि जिंजेरॉल दोघांनीही अडवलं, पण दोन वेगळ्या वाटांनी. शोगाओल पीपीएआर-गॅमाच्या वाटेनं, जिंजेरॉल जेएनके नावाची सुजेची साखळी रोखून. माझ्या मते आल्याची चरबीशी जोडलेली सगळ्यात विश्वासार्ह गोष्ट ही सूज कमी करण्याची आहे, पेशी रोखण्याची नव्हे. माणसांवरच्या चाचण्यांतही सुजेचा निर्देशक सीआरपी आल्यानं थोडा उतरताना दिसतो. पण ‘सूज थोडी कमी होते’ या शीर्षकाचा व्हिडिओ कोण बघणार?

उंदरांबद्दल जास्त लिहीत नाही. चरबीयुक्त खाणं देऊन लठ्ठ केलेल्या उंदरांना आल्याचा अर्क किंवा जिंजेरॉल दिलं की वजन कमी वाढतं, यकृत सुधारतं, पांढऱ्या चरबीत तपकिरीपणाची, म्हणजे इंधन जाळून उष्णता काढणाऱ्या चरबीची, लक्षणं दिसतात, असे निष्कर्ष बरेच आहेत आणि एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात. फक्त मात्रेचा हिशेब करून बघा. उंदराची मिलिग्रॅम-प्रतिकिलो मात्रा माणसाला लावताना सुमारे १२.३ नं भागतात. समजा, उंदराला ६-जिंजेरॉल किलोला १०० मिलिग्रॅम दिलं. माणसाला ते किलोला आठ मिलिग्रॅम, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला सुमारे ५७० मिलिग्रॅम झालं. सुंठीत ६-जिंजेरॉल एक टक्का धरलं, तर रोज ५७ ग्रॅम सुंठ पूड. सुंठवडा आवडीनं खाणाऱ्यांनीही कल्पना करून बघावी.

मग माणसात काहीच होत नाही का? होतं, थोडंसं. आणि ते मेदपेशीला हात न लावता होत असावं, असं मला वाटतं. आलं खाल्ल्यावर जिभेला, घशाला, जठराला जी चरचर जाणवते ती टीआरपीव्ही१ नावाच्या मज्जातंतूंवरच्या ग्राहकामुळे (रिसेप्टरमुळे). मिरचीचं कॅप्सायसिन याच ग्राहकाला चिकटतं. त्याच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. जिंजेरॉल-शोगाओल तिथेच जाऊन बसतात. तोंड आणि आतडं इथे त्यांची मात्रा भरपूर असते, रक्तासारखी हजारपट कमी नसते. त्या मज्जातंतूंचा निरोप मेंदूकडे जातो, मेंदूकडून सिंपथेटिक मज्जासंस्थेमार्फत तपकिरी चरबीकडे. तपकिरी चरबी यूसीपी१ या प्रथिनामुळे इंधन जाळून नुसती उष्णता काढते. प्रौढ माणसात ती असते, हे २००९ मध्ये पक्कं झालं.

याचा सगळ्यात चांगला मानवी पुरावा आल्याच्या एका नातेवाइकाकडून आला आहे. पश्चिम आफ्रिकेत ‘ग्रेन्स ऑफ पॅराडाइज’ नावाचा वेलदोड्यासारखा मसाला आहे, आल्याच्याच कुळातला, पॅराडॉल-जिंजेरॉल-शोगाओल असलेला. जपानमध्ये १९ निरोगी पुरुषांना त्याचा ४० मिलिग्रॅम अर्क एकदाच देऊन बघितला. ज्यांच्यात थंडीत तपकिरी चरबी पेटताना स्कॅनवर दिसत होती, त्यांचा उष्मांकखर्च वाढला. ज्यांच्यात ती दिसत नव्हती, त्यांचा वाढला नाही. यात खाचखळगा तुमच्या लक्षात आलाच असेल. लठ्ठ माणसात आणि वय वाढलेल्यात तपकिरी चरबी कमीच असते. ज्याला गरज, त्याच्याकडे इंजिनच लहान.

खुद्द आल्याचा प्रयोग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २०१२ मध्ये झाला. दहा जादा वजनाच्या पुरुषांना नाश्त्याबरोबर गरम पाण्यातून दोन ग्रॅम सुंठ पूड. नंतरचे सहा तास मोजमाप. अन्न पचवताना जाळली जाणारी ऊर्जा दिवसाला सुमारे ४३ किलोकॅलरीनं वाढली आणि भूक कमी लागल्याचं त्यांनी सांगितलं. साखर, इन्सुलिन, भुकेची संप्रेरकं यांत मात्र फरक नाही. दहाच माणसं, एकच दिवस. पण काळजीपूर्वक केलेलं काम.

हे ४३ किलोकॅलरी म्हणजे किती? चहाच्या चमच्यात पाच ग्रॅम साखर बसते, त्या २० किलोकॅलरी. दोन चमचे साखरेचा आल्याचा चहा प्यायलात की सुंठीची कमाई तिथल्या तिथे वळती झाली, दुधाचा हिशेब वेगळा. आणि त्या चहात आलं किती असतं तेही बघू. दोन कपांना इंचभर तुकडा, किसून पाचेक ग्रॅम. पाणी वगळलं तर एक ग्रॅम सुंठीइतका ऐवज. जिंजेरॉल पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे बराचसा भाग गाळणीतल्या चोथ्याबरोबर जातो. कपात आले तर चार-दोन मिलिग्रॅम. तो चहा प्या, पावसाळ्यात तर जरूर प्या, पण ‘मी रोज आलं घेतो ना, डॉक्टर’ असं वजनाच्या संदर्भात सांगू नका.

लांब मुदतीच्या चाचण्यांपैकी इराणमधली मला सगळ्यात बोलकी वाटते. ऐंशी लठ्ठ बायका, निम्म्यांना रोज दोन ग्रॅम सुंठ पूड कॅप्सूलमधून, निम्म्यांना बनावट कॅप्सूल, बारा आठवडे. सुंठीच्या गटात वजन आणि मापं किंचित, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरतील एवढी कमी झाली. भुकेचे गुणही उतरले. फक्त शरीराची घडण, म्हणजे चरबी आणि स्नायू यांचं प्रमाण, बदललं नाही. ज्यांच्यात यूसीपी१ आणि बीटा-३ ग्राहकाच्या जनुकाचे ठरावीक प्रकार होते, त्यांच्यात फरक जास्त दिसला, हेही मज्जातंतू आणि उष्णतेच्या वाटेकडेच बोट दाखवतं. चरबीच्या पेशींवर थेट परिणाम झाला असता तर घडण बदलायला हवी होती.

२०१९ मध्ये अशा १४ चाचण्यांमधल्या ४७३ लोकांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. वजन आणि कंबर-नितंब गुणोत्तर थोडं उतरलं, उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिनला होणारा विरोध थोडा कमी झाला, चांगलं कोलेस्टेरॉल थोडं वाढलं. बीएमआय, ट्रायग्लिसराइड आणि वाईट कोलेस्टेरॉल मात्र हललं नाही. वजनातला फरक अशा चाचण्यांत साधारण एक-दोन किलोंच्या घरात असतो. तुलनेसाठी, सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाच्या २०२१ मधल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. तुमच्या वजनावर ते साडेबारा किलो होतं. ते औषध प्रत्येकानं घ्यावं असं मी म्हणत नाही, त्याचे त्रास आणि खर्च दोन्ही आहेत. पण खरा परिणाम दिसायला लागला की तो किती मोठा असतो, याचा अंदाज यावा.

या चाचण्यांची आणखी एक दुखरी बाजू: आल्याला बनावट जोड देणं अवघड. कॅप्सूलमध्ये मक्याचं पीठ भरलं तरी सुंठवाल्याला ढेकर आल्यावर कळतंच. आपण ‘खरं औषध’ घेतोय हे कळलेला माणूस नकळत दोन घास कमी खातो.

आता बाजाराबद्दल. पोटावर चोळायचं आल्याचं तेल ऑनलाइन धडाक्यात खपतं. त्यानं कातडी लाल होते, गरम वाटतं, आणि चोळण्याचा व्यायाम होतो. चरबी तिथेच राहते. ‘नैसर्गिक’, ‘आयुर्वेदिक’ असं लिहिलेल्या, कंपनीचा पत्ता नीट नसलेल्या वजनाच्या कॅप्सूलपासून मात्र खरोखर सांभाळा. जगभर अशा गोळ्यांमध्ये सिब्युट्रामिन मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. हे औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे आपल्याकडे २०११ मध्ये बंद झालं. सुंठीच्या कॅप्सूलनं आठवड्यात भूक मेली, तोंड कोरडं पडलं, छाती धडधडायला लागली, झोप उडाली, तर ती सुंठ नाही. डबी घेऊन डॉक्टरकडे जा.

तुमच्या प्रश्नाकडे परत येतो. रिकाम्या पोटी रस घेण्याला काही खास कारण मला दिसत नाही. उलट छातीत जळजळ होणाऱ्यांची तक्रार नेमकी त्यानंच वाढते. घ्यायचंच असेल तर जेवणाआधी किंवा जेवणाबरोबर घ्या, कारण जो काही परिणाम आहे तो भुकेवर आणि पचनाच्या वेळच्या उष्णतेवर आहे. आलं की सुंठ, असं विचाराल तर चाचण्यांत बहुतेक सुंठ पूड वापरली आहे, दिवसाला एक ते तीन ग्रॅम. चहाचा सपाट चमचा साधारण दोन ग्रॅमचा. ताकात घाला, वरणात घाला, गरम पाण्यात गूळ न घालता घ्या. आल्याच्या तुकड्याला मीठ-लिंबू लावून जेवणाआधी चघळण्याची जुनी पद्धत मला आवडते. त्यात तोंडातल्या मज्जातंतूंना सगळा तिखटपणा मिळतो आणि उष्मांक जवळजवळ शून्य. चार ग्रॅम सुंठीच्या वर जायचं कारण नाही. बारा आठवड्यांत काही फरक न दिसल्यास वजनासाठी म्हणून सोडून द्या, चवीसाठी चालू ठेवा.

वॉरफरिन किंवा तत्सम रक्त पातळ करणारं औषध घेत असाल, पित्ताचे खडे असतील, किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर जेवणातलं आलं ठीक आहे, पण ग्रॅममध्ये सुंठ घेण्याआधी तुमच्या डॉक्टरला सांगा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर सुरुवातीचे काही दिवस साखर थोडी जास्त वेळा तपासा. गरोदरपणातल्या मळमळीसाठी दिवसाला एक ग्रॅमपर्यंत सुंठ वापरली जाते, तीही डॉक्टरांना विचारून. गरोदरपणात वजनासाठी वापरायचा तर प्रश्नच नाही.

तुमचा बीएमआय जवळपास ३१ येतो. आपल्या निकषानं तो लठ्ठपणा आहे, म्हणून आल्याआधी तीन गोष्टी करून घ्या: बेंबीच्या पातळीवर कंबरेचं माप, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी), आणि यकृताच्या एन्झाइमसह ट्रायग्लिसराइड. झोपेत घोरता का, आणि घरात मधुमेह कुणाला आहे, तेही लिहा. हे कळलं की आहारात नेमकं काय बदलायचं आणि औषधाची गरज आहे की नाही, यावर बोलता येईल.